रुंद टीव्हीसमोरचा आरसा

टीव्हीवर एका माणसाची दोन माणसं दिसायला लागली, की आमच्या धंद्यात त्याला 'घोस्ट' म्हणतात. अँटेना जरा फिरवली की घोस्ट जातं. अशी भुतं मी उभ्या आयुष्यात पोत्यानं काढली असतील — लिंबू नाही, नारळ नाही, नुसत्या पान्यानं. तेव्हा असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, हे वेगळं सांगायला नको. आजही फारसा नाही. या सदरात लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात, ते मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि हसतो. ती परवा म्हणाली, "हसताय काय, तुमचं शेळगावचं लिहा की एकदा." म्हणून लिहायला बसलोय. मंगल समोरच मेथी निवडत बसलीय, त्यामुळे तिखटमीठ लावायची सोय नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. बारामतीत भिगवण रस्त्याला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्या सुमाराला आमच्या भागात एक नवीनच खूळ आलं... रुंद टीव्ही. दुबई-मस्कतला कामाला गेलेली पोरं येताना असला आडवा, म्हशीएवढा डबा घेऊन यायची. आपल्याकडचं चित्र चौकोनी आणि डबा आडवा. मग तो टीव्ही काय करायचा, तर चित्राला दोन्हीकडून ताणून काठोकाठ बसवायचा. बातम्या देणारी बाई थापलेल्या भाकरीसारखी दिसायची. क्रिकेटचा चेंडू लांबट. लोणी देवकरच्या कारखान्यातले एक साहेब होते, त्यांना मी म्हटलं चित्र सरळ करून देतो, तर म्हणाले, "राहू द्या हो, सासुरवाडीची माणसं जरा बाळसेदार दिसतात."

रिमोटवर त्यासाठी एक बटण असायचं. पण रिमोट कुणाचा शाबूत असतो? कुणाचा पोरांनी आपटलेला, कुणाचा सेलचं पाणी गळून गेलेला. तसला रिमोट इथं मिळायचा नाही. मग मी जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सेटमधली कॉइल काढून या रुंद टीव्हीत मध्ये जोडायचो. कॉइलच्या आत एक दांडी असते, ती फिरवली की चित्र दोन्ही बाजूंनी आत सरकतं, माणसं परत माणसाच्या मापात येतात. डाव्या-उजव्या अंगाला काळ्या पट्ट्या राहतात एवढंच. बारामती-इंदापूर पट्ट्यात हे काम करणारा मी एकटा असेन, निदान माझी तशी समजूत होती.

आता आरशाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. टीव्हीचं काम मागून करायचं आणि चित्र दिसतं पुढं. मग मेकॅनिक टीव्हीसमोर आरसा उभा करतो. मागं हात चालवायचा आणि मान काढून आरशात बघायचं — चित्र किती सरकलं, वाकडं झालं का. माझा आरसा मंगलचा होता. तिच्या माहेरून रुखवतात आलेला, लाकडी चौकटीचा. कपाटाला मोठा आरसा आला तेव्हा मी तो दुकानात नेला. कोपऱ्यात तिनं चिकटवून ठेवलेल्या टिकल्या तशाच होत्या. गिऱ्हाईक हसायचे, पण मी त्या काही काढल्या नाहीत.

तर एके दिवशी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. उंच, डोक्याला पटका, हातात कापडी पिशवी. उंबऱ्याला पाय अडखळला त्यांचा, मी धरलं. बाकावर बसले, पाणी प्यायले आणि एकदम म्हणाले,

"मिस्त्री, बाय बारीक करून मिळंल का?"

मी म्हटलं, "कुणाची?"

"माझी."

मला वाटलं, म्हातारबाबांचा स्क्रू ढिला आहे. पण मग त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली व्हिडिओ कॅसेट काढली, आणि मी हसू आवरलं.

शेळगावचे तात्या. धनगराचं घर. पूर्वी मेंढरं होती, आता कॅनॉलच्या पाण्यावर थोडी शेती. मुलगा मस्कतला, त्यानंच तो रुंद टीव्ही आणलेला. घरी तात्या आणि सून सुनंदा. बायको हिराबाई लेकीच्या लग्नानंतर वर्षाच्या आत तापानं गेली. लग्नाची कॅसेट होती, आणि हिराबाई दिसेल अशी जगात तेवढी एकच वस्तू होती.

"फोटो नाही एकपण?" मी विचारलं.

"फोटूवाला आला की पाठ फिरवायची. लई लाजरी. कॅसेटमधीबी कडं-कडंनंच हाय. आन् ती बी ह्या टीव्हीत आशी रुंद दिसती... माझी हिरा काटकुळी हुती वो. सुनंला म्हनलं बंद कर, ही आपली न्हाय."

मी म्हटलं, तात्या, गावात कुणाकडं तरी साधा टीव्ही असेल, तिथं जाऊन बघा. तर म्हणाले, "दुसऱ्याच्या दारात बसून बायकू बघू व्हय?"

मग त्यांनी खरं कारण सांगितलं. डोळे चालले होते. काचबिंदू. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गेली ती नजर गेली, राहिली तीही हळूहळू जाणार. "समुर तेवढं दिसतं, कडंचं न्हाय. ह्ये बी किती दिस, त्येचा भरवसा न्हाय. जायच्या आदी एकडाव तिला तिच्या मापात बघू द्या. तोंड दिसलं तर दिसलं. मग जाऊ द्या डोळं."

हे त्यांनी अगदी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी येतो म्हणालो.

स्कूटरच्या पुढं कॉइल, तारांना डाग द्यायचं सामान, आणि पाठीला दोरीनं बांधलेला आरसा — असा मी लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे करत शेळगावात पोचलो. मागून येणारा ट्रकवाला आरशात तोंड बघून भांग पाडत होता म्हणे, असं अंथुर्ण्यात चहावाल्यानं सांगितलं. वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. दारात दोन शेळ्या, मेंढरांच्या वाड्याची नुसती दगडं राहिलेली. आतल्या खोलीत तो टीव्ही, त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर गणपती. सुनंदानं आधी गणपती हलवला, मग खिडकीला पोतं लावून दार लोटलं, कारण उजेडात चित्र दिसेना.

आधी मी म्हटलं, काय आहे ते बघू. कॅसेट लावली. सगळ्या लग्नाच्या कॅसेटी असतात तशीच... मूळचा आवाज काढून टाकून वर सिनेमाची गाणी चढवलेली. मंडप, अक्षता, वरात. सगळी माणसं पसरट. मग आली विहिणींची पंगत. बायका ओळीनं बसलेल्या, मागं भिंतीवर वधूवरांच्या नावाचा बोर्ड. सगळ्या जणी टीव्हीच्या डाव्या कडेला बघून हसत होत्या, हात करून कुणाला तरी आग्रह करत होत्या. त्या कडेला एक खांदा, हिरव्या बांगड्यांचा एक हात, आणि डोक्यावरून ओढलेला पदर. बस्स.

"नाव घ्याय लावत्यात तिला," तात्या म्हणाले. "माझं. जल्मात कवा घेतलं न्हाय. रेशनच्या दुकानात इचारलं तर दुसऱ्या बाईला सांगाय लावायची. हितंबी न्हाय घेतलं. समद्या मागं लागल्या तर तोंड फिरवून उठून गेली."

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढायच्या नाहीत. लग्नाकार्यात उखाण्यात घ्यायच्या तेवढंच, आणि हिराबाईंनी तेही नाही.

मी म्हटलं, "तात्या, यात चेहरा कुठं आहे?"

"हितं हाय," म्हणून त्यांनी टीव्हीच्या चौकटीवर बोट ठेवलं. "ह्येच्या मागं."

ते ऐकून सुनंदानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. पण म्हातारा तसा चुकत नव्हता. कुठलाही टीव्ही चित्राच्या कडा थोड्या खातोच, चौकटीमागं लपवतो. चित्र आत ओढलं की ती लपलेली कड बाहेर येते. मी तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं, की बोट-दोन बोटं जास्त दिसेल, पण पाठ फिरवलेल्या बाईचं तोंड मला फिरवता येणार नाही.

"तुमी वडा तर खरं," तात्या म्हणाले.

मागचं झाकण काढलं. आत धूळ आणि पालीची अंडी. टीव्हीच्या मागं हात घालताना मी एक हात कायम पाठीमागं धरतो, ही माझ्या गुरूंची शिकवण. दोन हात आत गेले आणि झटका बसला तर तो छातीतून जातो. कॉइल जोडली. आता आरसा ठेवायला उंच असं काही मिळेना, तर तात्या म्हणाले, मी धरतो. ते टीव्हीसमोर बाजेवर बसले, आरसा मांडीवर उभा धरला, तोंड टीव्हीकडं. म्हणजे तात्या आरशाच्या वरून सरळ टीव्ही बघणार, मी मागून मान काढून आरशात बघणार. सुनंदा व्हीसीआरपाशी.

टूथब्रशची दांडी घासून मी तिचा स्क्रूड्रायव्हर केला होता. लोखंडाचा चालत नाही तिथं. त्यानं हळूहळू कॉइल फिरवायला लागलो. चित्र आत सरकायला लागलं. तात्या बाजेवरून बोलत होते — "हां... मेव्हणा बारीक झाला... आरं, ह्यो घोडा हाय व्हय, मला म्हस वाटली हुती..." सुनंदा तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही मजा वाटत होती. असं काम करताना गिऱ्हाईक खूश झालं की हात आपोआप हलका होतो.

पंगत आली. मी आरशात बघत होतो. आरशात सगळं उलटं दिसतं, त्याची मला सवय. भिंतीवरच्या बोर्डाची अक्षरं उलटी. टीव्हीच्या डाव्या कडेची बाई आरशात उजव्या कडेला. खांदा आला, मग हात, मग पदराखालचा कान. आणि मग त्या बाईनं मान वळवली, पदर जरा मागं सारला आणि सरळ समोर बघितलं. बारीक चेहरा, गालाची हाडं वर आलेली. हसल्या. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. ओठ हलले, दोनदा मिटले आणि उघडले. मग पदर ओढून त्या उठून गेल्या.

मी मागूनच ओरडलो, "काय हो तात्या, तोंड फिरवून गेली म्हणत होता, चांगल्या हसल्या की समोर बघून."

मग सुनंदा म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, आत्या कुठं हसल्या? पाठच हाय की त्यांची. कान तेवढा नवा दिसला."

मी म्हटलं, "अहो, आत्ता बघितल्या मी. काटकुळ्या, पुढचा दात अर्धा. काहीतरी बोलल्या पण, ओठ दोनदा मिटले त्यांचे."

सुनंदाचा हात व्हीसीआरच्या बटणावर तसाच राहिला. तात्यांनी आरसा मांडीवर आडवा केला.

"बोकडानं ढुसनी दिली हुती," ते म्हणाले. "मेंढरांमागं हुतो आमी. सुप्याच्या माळावर. नवी नवरी हुती. तवापासनं हसताना तोंडावर पदर घ्यायची. तुमास्नी कुनी सांगितलं?"

मला कोण सांगणार? शेळगावात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाय ठेवला होता. मी पुढं आलो. म्हटलं, टेप मागं घ्या. सुनंदानं मागं घेतली. तिघांनी सरळ टीव्हीवर बघितलं. चित्र झकास बसलं होतं, दोन्हीकडं काळ्या पट्ट्या, माणसं मापात. आणि कडेला हिराबाई... पाठमोऱ्या. कान, पदर, उठून गेल्या. पुन्हा बघितलं. तेच.

मी म्हटलं, उन्हातून आलोय, डोळ्यांपुढं काहीतरी आलं असेल. पण दाताचं काय? ते मनातून जाईना. पुन्हा मागं गेलो, तात्यांना म्हटलं आरसा धरा, आणि सुनंदाला म्हटलं, लावा. कॉइलला हातही लावला नाही, नुसता बघत राहिलो. बोर्ड उलटा, बायका उलट्या... आणि हिराबाई वळल्या. तसंच हसल्या. या वेळी मी मेकॅनिकच्या नजरेनं बघितलं. त्यांच्या नाकात चमकी होती. आपल्याकडं बायका चमकी डाव्या नाकपुडीत घालतात. आरशात ती उजव्या नाकपुडीत दिसायला पाहिजे, कारण बाकी सगळ्या बायकांची तशीच दिसत होती. हिराबाईंची डाव्या नाकपुडीतच होती. म्हणजे सगळी पंगत आरशात उलटी आणि ही एकटी बाई सुलटी, एखादं माणूस तुमच्यासमोर येऊन उभं राहावं तशी.

मला भीती वाटली का? खरं सांगतो, नाही वाटली. ती बाई माझ्याकडं बघतच नव्हती. मी ज्या जागेवरून बघत होतो ती जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि मी चुकून तिथं बसलोय, असं वाटलं. एसटीत दुसऱ्याच्या रुमाल टाकलेल्या सीटवर बसल्यावर वाटतं तसं.

मी बाहेर आलो. टीव्हीचं झाकण बसवलं, म्हटलं आता कुणाचा हात लागायला नको. तात्यांच्या हातातला आरसा घेतला, बाजेवर वाकळेला टेकून उभा केला. टीव्हीशेजारी पाट ठेवला आणि तात्यांना म्हटलं, "इथं बसा. टीव्हीकडं पाठ करा. आरशात बघा."

ते काही न विचारता उठले. चाचपडत आले, पाटावर बसले. मी आरसा थोडा इकडं-तिकडं केला, त्यांना समोरचं तेवढंच दिसायचं म्हणून. "दिसतोय टीव्ही?" "दिसतूय." सुनंदाही त्यांच्या खांद्याला लागून बसली. मी स्वतः व्हीसीआरचं बटण दाबलं.

मी आरशात बघितलं नाही. ते बघणं माझं नव्हतं. मी तात्यांकडं बघत राहिलो.

गाणं चालू होतं. पंगत आली असावी, कारण तात्यांची पाठ ताठ झाली. मग त्यांनी हात वर केला, डोक्यावरचा पटका सारखा केला. पोरगी बघायला गेलेला नवरामुलगा करतो तसा. आणि हसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, मिशीत गेलं, त्यांनी पुसलं नाही. ओठ हलले त्यांचे. एवढ्यात फट्‌कन लाइट गेली. टीव्ही गेला, गाणं गेलं. खोलीत पोत्याच्या फटीतून येणारा उजेड तेवढा राहिला.

बाहेर शेळी ओरडत होती.

मग तात्या म्हणाले, "नाव घेतलं."

सुनंदानं विचारलं, "कुनी, तात्या?"

"तुज्या सासूनं. माझं. आज घेतलं."

मी विचारलं, "तात्या, तुमचं नाव काय हो?" खरंच, तोवर मला माहीत नव्हतं. सगळे तात्याच म्हणायचे.

"भीमा."

मी मनातल्या मनात ते नाव घेऊन बघितलं. भीमा. ओठ दोनदा मिटतात.

सुनंदाला मी नंतर अंगणात विचारलं, तुम्हाला काय दिसलं? ती म्हणाली, "खोटं कशाला बोलू भाऊ, मला पाठच दिसली." मग जरा थांबून म्हणाली, "पर तात्या असं हसलेलं मी या घरात आल्यापासनं बघितलं न्हाय." ती डोळे पुसत शेळीला पाला टाकायला गेली.

निघताना तात्यांनी एकच मागितलं. "आरसा ठिवा हितं." मी म्हटलं, ठेवा. पिशवीभर पेरू घेऊन मी बारामतीला आलो. आरसा दिला म्हटल्यावर मंगल रागावेल असं वाटलं होतं, माहेरची वस्तू. तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "टिकल्या होत्या ना त्याच्यावर अजून?" मी म्हटलं, होत्या. "मग असू दे," म्हणाली.

आता माझा स्वभाव असा, की फॉल्ट सापडल्याशिवाय झोप येत नाही. मी सगळ्या शक्यता तपासल्या. टेपवर आधीचं काही रेकॉर्डिंग असेल आणि ते मध्येच वर येत असेल? मग ते टीव्हीवर सरळ बघतानाही दिसायला पाहिजे. इंदापूरचा तो व्हिडिओवाला शोधून काढला. त्याला पंगत आठवत होती. म्हणाला, "त्या बाई ना? कॅमेरा घेऊन फिरलो त्यांच्यामागं, शेवटपर्यंत तोंड दिलं नाही त्यांनी." दुकानात दुसरे आरसे लावून दुसऱ्या कॅसेटी बघितल्या. सगळं उलटं, सगळं जिथल्या तिथं. ओळखीच्या एका प्राध्यापकांना विचारलं, ते म्हणाले मनाचे खेळ असतात. असतील. पण माझ्या मनाला त्या बोकडाची ढुसणी कुठून कळली, हे त्यांनी सांगितलं नाही.

दोन-तीन उन्हाळे गेले असतील. इंदापूरला काम होतं, येताना शेळगावात थांबलो. तात्या अंगणात बाजेवर बसले होते. आवाजावरून ओळखलं मला. नजर पूर्ण गेली होती. रुंद टीव्ही पण बिघडून कोपऱ्यात पडला होता. मुलानं दुसरा आणलेला. मी म्हटलं, तात्या, जुना उघडून बघू का, होईल दुरुस्त.

"नगं," म्हणाले. "बघून झालंय माझं."

आत भिंतीला मंगलचा आरसा टांगलेला दिसला. तिच्या जुन्या टिकल्यांशेजारी एक नवी, सुनंदाची असणार. आंधळ्या माणसाच्या खोलीत आरसा, पण पुसून लख्ख ठेवलेला.

चहा झाला. मी उठलो तर त्यांनी मनगट धरून ठेवलं.

"मिस्त्री, तुमची मंडळी तुमचं नाव घेत्यात का?"

मी म्हटलं, "घेतलं होतं की. लग्नात, उखाण्यात."

"उखाण्यातलं न्हवं. नुसतं."

"नाही, तसं कुठं..."

"मग हितं काय बसलाय," तात्या म्हणाले. "घरला जावा."

मी घरी आलो आणि मंगलला म्हटलं, माझं नाव घे. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "ऊन लागलंय का तुम्हाला?" मी म्हटलं, उखाणा नको, नुसतं घे. तर लाटणं उगारलं तिनं. तेव्हापासून अधूनमधून मी तिला म्हणतो, ती हसण्यावारी नेते. 'अहो'वर संसार झाला आमचा, चांगला झाला. तात्या पुढं काही वर्षांनी गेले. सुनंदानं आरसा परत द्यायला माणूस पाठवला होता, मी घेतला नाही.

हे एवढं लिहून झालं आणि आत्ता मंगलला वाचून दाखवलं. तिनं मेथीची ताटली उचलली आणि आत गेली. मला वाटलं, तिला ते टिकल्यांचं लिहिलेलं आवडलं नाही. मी पुढं लिहायला लागलो होतो, की या गोष्टीचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही, कुणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा. तेवढ्यात आतून आवाज आला. अगदी हळू, पहिल्यांदाच बोलायला लागल्यासारखा.

"दिलीप... चहा ठेवलाय. येताय ना?"

येतो म्हणालो. कागद इथंच ठेवतो.